चुकीच्या अपडेटने गेलेला दिवस अजून परत मिळू शकतो

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं आटोपशीर करून :

‘ताई, मला नोकरी लागून पावणेदोन वर्षं झाली. नऊ दिवसांपूर्वी, बुधवारी दुपारी ४ वाजून ५२ मिनिटांनी, माझ्या हातून डेटाबेसवर एक अपडेट, म्हणजे नोंदी बदलणारी आज्ञा, चालली. ३७ खाती बंद करायची होती. क्वेरी दोन ओळींची होती, पण एडिटरमध्ये वरचीच ओळ सिलेक्ट झाली आणि कोणत्या नोंदी बदलायच्या ते सांगणारी व्हेअरची ओळ तशीच राहिली. स्क्रीनवर आकडा आला : २,१४,३०६. सगळीच्या सगळी खाती बंद. मी घाबरून एकेक खातं परत चालू करत बसले. २५ मिनिटं कोणालाही सांगितलं नाही. नंतर सरांनी आदल्या रात्री १ वाजताचा बॅकअप त्याच सर्व्हरवर चढवला. खाती आली, पण त्या दिवसभरातल्या नोंदी गेल्या. लोकांनी आठवून, जुनी कागदपत्रं बघून जमेल तेवढ्या पुन्हा भरल्या. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही, पण आता क्वेरीची खिडकी उघडली की हात थांबतात. दुसरा काही मार्ग होता का? आमच्याकडे पोस्टग्रेस डेटाबेस आहे. रोज रात्री अख्खा बेस बॅकअप होतो आणि वॉल फाइली, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंदवही, दुसऱ्या मशीनवर १४ दिवस राहतात. त्या कधी कोणी वापरलेल्या नाहीत.’

प्रिय मैत्रीण,

हे उत्तर सदरात यायला वेळ लागेल, म्हणून तुला आजच वेगळं पाठवते आहे. पुढचं वाचायच्या आधी एक काम कर. तुमच्या वॉल फाइली १४ दिवसांनी पुसल्या जातात आणि त्यातले नऊ गेलेत. म्हणजे तुझ्या हातात पाच दिवस आहेत. आत्ता उठ, सरांकडे जा आणि त्यांना सांग, की ती जुन्या फाइली पुसणारी स्क्रिप्ट आज बंद करायची. त्या बुधवारचा रात्री १ वाजताचा बेस बॅकअप आणि त्यानंतरच्या सगळ्या वॉल फाइली यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. बॅकअप चढवताना जुनं डेटा फोल्डर कोणी नाव बदलून बाजूला ठेवलं असेल तर त्यालाही हात लावू नका. हे झालं की परत ये.

झालं? मग आता मुद्द्याचं. तू विचारतेस, दुसरा मार्ग होता का. होता, आणि बराचसा अजूनही आहे. तो दिवस गेला असं तुम्ही सगळ्यांनी धरलंय. मला तो गेला असं वाटत नाही.

वॉल म्हणजे काय ते तू शिकली असशीलच, पण ते या प्रसंगाला लावून बघ. डेटाबेसमध्ये होणारा प्रत्येक बदल आधी या नोंदवहीत लिहिला जातो आणि मग मूळ फाइलीत उतरतो. रात्री १ चा बेस बॅकअप घेतला आणि त्यावर या वहीतल्या नोंदी क्रमाने पुन्हा चालवल्या, तर डेटाबेस दिवसभरातल्या कोणत्याही क्षणाला येऊन उभा राहतो. ४ वाजून ५१ मिनिटांनासुद्धा. पोस्टग्रेसमध्ये ही सोय ८.० या आवृत्तीपासून आहे, म्हणजे २००५ पासून. सरांनी १ वाजताचा बॅकअप चढवला आणि तिथेच थांबले, वही उघडलीच नाही. मी त्यांना दोष देत नाही. जी गोष्ट शांत दिवशी कोणी करून पाहिलेली नाही, ती गोंधळाच्या दुपारी पहिल्यांदा करून बघण्याचं धाडस शहाणा माणूस करत नाही.

खरी चूक वेगळ्या ठिकाणी झाली, आणि ती मी अनुभवी लोकांनाही करताना पाहिली आहे. बॅकअप चालू डेटाबेसच्या डोक्यावर चढवला गेला. अशा वेळी मनात एकच विचार असतो : सगळं पूर्वीसारखं करायचं. पण चूक एका टेबलातल्या एका कॉलमची होती. त्याच दिवशी शेकडो लोकांनी केलेलं बाकीचं काम बरोबर होतं. चुकीच्या आधीचंही आणि चुकीच्या नंतरचंही. अख्खा डेटाबेस मागे नेला की ते बरोबर कामही त्यात जातं. म्हणून चालू डेटाबेस मागे न्यायचा नाही. त्याची जुनी अवस्था दुसऱ्या मशीनवर शेजारी उभी करायची आणि तिथून हवं तेवढंच उचलून आणायचं.

आता ते करायचं कसं. एक रिकामं मशीन घ्या, त्यावर पोस्टग्रेसची तीच मुख्य आवृत्ती हवी. बेस बॅकअप तिथे उतरवा, वॉल फाइली कुठून आणायच्या ते रिस्टोअर कमांडमध्ये सांगा, रिकव्हरी सिग्नलची रिकामी फाइल ठेवा (१२व्या आवृत्तीपासून ही पद्धत आहे) आणि थांबायची जागा द्या.

थांबायची जागा घड्याळावरून ठरवू नकोस. तुला ४:५२ आठवतंय, पण तुझ्या मशीनचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळ यांत थोडाफार फरक असू शकतो, आणि तेवढ्यात कितीतरी नोंदी येऊन जातात. वॉल फाइली वाचून दाखवणारं वॉलडंप हे हत्यार पोस्टग्रेसबरोबरच मिळतं. त्याने त्या वेळच्या फाइली उघडून बघ. ज्या एका ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटाच्या) नावावर दोन लाखांहून जास्त बदल दिसतील, ती तुझी. तिचा क्रमांक टार्गेट म्हणून दे आणि ‘इन्क्लुझिव्ह’ बंद ठेव, म्हणजे तिच्या अगदी आधी रिकव्हरी थांबेल. मूळ सेटिंग बदललं नसेल तर ती तिथे नुसती थबकते आणि तुला फक्त वाचण्यापुरता डेटाबेस उघडून देते. खात्यांचं टेबल बघ. हव्या त्या क्षणाच्या आधीच थांबली असेल तर टार्गेट पुढे सरकवून तीच रिकव्हरी चालू ठेवता येते. पुढे निघून गेलीस तर मात्र मागे येता येत नाही, बेस बॅकअपपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. त्यामुळे शंका असेल तेव्हा थोडं आधीच थांब.

तुमच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. सरांनी त्या दिवशी बॅकअप चढवल्यावर सर्व्हरने बहुधा नवी टाइमलाइन, म्हणजे इतिहासाची वेगळी फांदी, सुरू केली असेल. वॉल फाइलीच्या नावातली पहिली आठ अक्षरं ती सांगतात. बुधवारच्या फाइली एका आकड्याच्या आणि नंतरच्या पुढच्या आकड्याच्या दिसल्या, तर तसंच झालंय. १२व्या आवृत्तीपासून रिकव्हरी आपणहून सगळ्यात नव्या टाइमलाइनच्या मागे जाते, आणि ती फांदी तर रात्री १ लाच फुटली आहे. तिच्या मागे गेलीस तर तुझा हरवलेला बुधवार दिसणारच नाही. टाइमलाइन ‘करंट’ कर, म्हणजे बेस बॅकअपची जी होती तीच. आणि आकडा बदललेलाच नसेल, तर बुधवारच्या फाइलींवर त्याच नावाच्या नव्या फाइली चढल्या नाहीत ना, हे तारखा बघून आधी तपास.

दुसरी शंका तुझ्या मनात येईल : शेवटची वॉल फाइल आर्काइव्हमध्ये पोचली असेल का? एक फाइल साधारणपणे १६ एमबीची असते आणि भरल्याशिवाय पाठवली जात नाही, म्हणून शांत डेटाबेसमध्ये शेवटची काही मिनिटं मागे राहून जातात. पण दोन लाख रो (टेबलातल्या ओळी) बदलताना तेवढी जागा सहज भरते. तुझ्याच अपडेटने आधीची फाइल पुढे ढकलली असणार. पुढच्या वेळी अशी काही घटना घडली, तर वॉल स्विच करायची कमांड हाताने द्या, एवढंच.

समज आता ४:५१ चा डेटाबेस शेजारी उभा आहे. त्यातून बुधवारच्या नोंदी ओळखायच्या कशा? माझी पद्धत अशी, की दोन प्रती उभ्या करायच्या. एक रात्री १ ची, दुसरी ४:५१ ची. दोघींतला फरक काढला की दिवसभरात नव्याने आलेलं, बदललेलं आणि काढलेलं सगळं समोर येतं. ‘तयार केल्याची तारीख’ या कॉलमवर विसंबू नकोस, कारण बदललेल्या आणि काढलेल्या नोंदी त्यात सापडत नाहीत.

या नोंदी चालू डेटाबेसमध्ये घालताना मात्र मन लावून काम करावं लागेल. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. बॅकअप चढवल्यावर नव्या नोंदींना क्रमांक देणारे सीक्वेन्सही मागे गेले. म्हणजे बुधवारी सकाळी ज्या नोंदीला जो क्रमांक मिळाला होता, तोच क्रमांक बॅकअपनंतर दुसऱ्याच कुठल्यातरी नोंदीला मिळालेला असेल. जुन्या नोंदी तशाच ओतल्यास तर काही ठिकाणी एरर येईल. ते तरी बरं, कारण एरर दिसते. पण ज्या टेबलात तो क्रमांक फॉरेन की म्हणून, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवायला, येतो, तिथे काही न बोलता चुकीचं नातं जोडलं जाईल. म्हणून जुन्या नोंदींना नवे क्रमांक दे, जुना आणि नवा क्रमांक शेजारी शेजारी असलेलं एक टेबल बनव आणि सगळी नाती त्यावरून फिरवून घे. तो क्रमांक बाहेर कुठे गेला असेल, कोणाच्या पावतीवर, कोणाला पाठवलेल्या ईमेलमध्ये, दुसऱ्या एखाद्या सिस्टिममध्ये, तर आज एकाच क्रमांकाच्या दोन खऱ्या गोष्टी जगात आहेत. त्याची यादी वेगळी कर. ती यादी क्वेरीने सुटणार नाही, माणसांनाच बसून सोडवावी लागेल.

लोकांनी हाताने पुन्हा भरलेल्या नोंदींचंही तसंच. काही तुला सापडलेल्या मूळ नोंदींशी तंतोतंत जुळतील, काही थोड्या वेगळ्या निघतील. जिथे वेगळ्या आहेत तिथे कोणती खरी हे तू ठरवू नकोस. ज्याने ती भरली त्याला दोन्ही दाखव.

त्या दिवशी दुपारी ही पद्धत वापरली असती तर काय झालं असतं, तेही सांगते, कारण तू नेमकं तेच विचारलं आहेस. ४:५१ ची प्रत शेजारी उभी राहिली असती. तिच्यातलं खात्यांचं टेबल चालू डेटाबेसमध्ये वेगळ्या नावाने आणलं असतं. मग एक अपडेट : ज्या खात्याची अवस्था आत्ता ‘बंद’ आहे आणि जुन्या प्रतीत ती वेगळी होती, तिथे जुनी घाला. तुझी ती ३७ वगळून. ट्रान्झॅक्शन उघडून, आकडा मोजून, मग कमिट, म्हणजे बदल पक्का. बाकी कुठल्याही टेबलाला धक्का लागला नसता.

तू खाती हाताने परत ‘चालू’ करत होतीस ना, तिथे मी थोडी थांबते. तेव्हा ते योग्य वाटणं साहजिक आहे. पण त्या दोन लाखांत सगळीच आधी चालू नव्हती. काही आधीच बंद असतील, काही तात्पुरती थांबवलेली असतील. अपडेट जुनी किंमत पुसून नवी ठेवते, जुनी काय होती ते तिला माहीत नसतं. त्यामुळे तिला उलटी अपडेट नसते. हाताने केलेली प्रत्येक दुरुस्ती ही चुकीवरची आणखी एक अंदाजाची नोंद होते, आणि नंतर खरं कुठलं नि अंदाजाचं कुठलं हे वेगळं करायचं काम वाढतं.

२५ मिनिटांचंही बोलायला हवं, पण तुला वाटतंय त्या अर्थाने नाही. चूक लपवण्याचा तुझा हेतू होता असं मला पत्रातून कुठे दिसत नाही. पण या कामात वेळेला खरोखर किंमत असते. पोस्टग्रेस अपडेट करताना जुना रो जागच्या जागी खोडत नाही. नवा लिहितो आणि जुना मेलेला म्हणून पडून राहतो, तोही साफसफाई करणारा व्हॅक्यूम येईपर्यंतच. असे मेलेले रो वाचून देणारं डर्टीरीड नावाचं एक एक्स्टेन्शन आहे. पण ऑटोव्हॅक्यूम साधारण दर मिनिटाला डोकावतो आणि टेबलाचा पाचवा हिस्सा बदलला की कामाला लागतो. तुझं तर अख्खं टेबल बदललं होतं. पहिल्या मिनिटाभरात कोणी त्या टेबलाचा ऑटोव्हॅक्यूम बंद केला असता तर एक आशा होती, २५ मिनिटांनी बहुधा नव्हती.

ओरॅकल वापरणाऱ्या वाचकांसाठी हेच गणित आणखी स्पष्ट आहे. तिथे ९आय आवृत्तीपासून ‘या टेबलात अमुक वेळी काय होतं’ असं थेट विचारता येतं. १०जीपासून टेबल मागच्या क्षणाला नेता येतं, आणि ड्रॉप केलेलं टेबलही रिसायकल बिनमधून काढता येतं, अट एवढीच की कोणी पर्ज, म्हणजे कायमचं पुसणं, लावलेलं नसावं. पण ही जुनी माहिती येते अनडूमधून, म्हणजे बदलापूर्वीच्या किमतींच्या साठ्यातून, आणि तिथे अनडू रिटेन्शनची मूळ किंमत ९०० सेकंद आहे. पंधरा मिनिटं. कामाचा जोर असेल तर त्यानंतर काय शिल्लक असेल याची खात्री नसते. ट्रंकेट केलेल्या, म्हणजे एका झटक्यात रिकामं केलेल्या टेबलाला तर हा मार्गच नाही, कारण ट्रंकेट एकेका रोचा अनडू लिहीत नाही. मायएसक्यूएलमध्ये भिस्त बिनलॉग या तिथल्या बदलांच्या नोंदवहीवर, आणि तो रो पद्धतीने लिहिला जात असेल तर बदलापूर्वीची किंमतही त्यात सापडते. मारियाडीबीच्या बिनलॉग हत्यारात तर फ्लॅशबॅकचा पर्याय आहे, तो बदल उलटे करून देतो. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी सगळ्यात आधी टेल-लॉग बॅकअप (लॉगच्या अजून बॅकअप न झालेल्या शेवटच्या भागाचा) घ्यावा आणि मग दुसऱ्या नावाने रिस्टोअर करताना थांबायची वेळ द्यावी. डेटाबेस ‘सिंपल’ रिकव्हरी मॉडेलवर असेल तर हे जमत नाही, म्हणून ते आजच तपासा.

बऱ्याच जणांची पत्रं येतात की आमच्याकडे रेप्लिका, म्हणजे सतत सोबत चालणारी दुसरी प्रत, आहे, आम्हाला काय भीती. रेप्लिका मशीन बंद पडलं तर वाचवते. माणसाच्या चुकीपासून नाही, कारण तुझी अपडेट तिने पुढच्या सेकंदाला इमानेइतबारे स्वतःवर उतरवलेली असते. मात्र मुद्दाम तासभर मागे चालणारी एक रेप्लिका ठेवता येते. पोस्टग्रेसमध्ये ९.४ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये ५.६ पासून तशी सेटिंग आहे. तुमच्याकडे ती असती तर त्या २५ मिनिटांनंतरही जुनं टेबल तिच्यावर जसंच्या तसं मिळालं असतं. सरांपुढे ही मागणी ठेव. एका जादा मशीनचा खर्च एका बुधवारापुढे काहीच नाही.

आता तुझ्या हातांचं. १९८५ मध्ये जिम ग्रे या शास्त्रज्ञाने टँडम कंपनीच्या संगणकांवरचे बिघाड मोजले. बंद न पडण्यासाठीच बांधलेली ती यंत्रं. तरीही सगळ्यात मोठा वाटा, ४२ टक्के, माणसांनी केलेल्या कामाचा होता : चालवणं, सेटिंग, देखभाल. हार्डवेअरचा १८ टक्के. आणि ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डेटा फोल्डर पुसलं. सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या एकेक पद्धती तपासल्या तेव्हा कळलं की नेमक्या कामाच्या वेळी त्या उपयोगाच्या नव्हत्या. डंप, म्हणजे डेटा बाहेर काढून घेतलेली प्रत, तर आवृत्ती जुळत नसल्यामुळे कधीपासून अयशस्वी होत होता आणि त्याच्या सूचनेचे ईमेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. शेवटी सहा तासांपूर्वी कोणीतरी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट उपयोगी पडला. हे सगळं त्यांनी स्वतः जगासमोर मांडलं, आणि आज डेटाबेस सांभाळणारे आम्ही सगळे त्यातून शिकतो. मीसुद्धा बऱ्याच वर्षांपूर्वी टेस्ट समजून प्रॉडक्शनवर एक टेबल ड्रॉप केलं होतं. त्या क्षणी पोटात पडलेला खड्डा मला अजून आठवतो.

पुढे काळजी म्हणून मी जे रोज करते ते एवढंच. बदल करणारी कुठलीही क्वेरी आधी सिलेक्ट म्हणून लिहायची आणि आकडा बघायचा. मग ट्रान्झॅक्शन उघडायची, अपडेट चालवायची, तोच आकडा आला तरच कमिट. ३७ च्या जागी २,१४,३०६ दिसले तर रोलबॅक, म्हणजे बदल मागे, आणि जगात कोणाला काही कळतसुद्धा नाही. ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून उठून जायचं नाही, कारण तिने धरलेल्या लॉकमागे बाकीचे अडकतात. एडिटरमधला ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक क्वेरी आपोआप पक्की होणं, आजच बंद कर. पोस्टग्रेसमध्ये ड्रॉप टेबलसुद्धा रोलबॅक होतं. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये नाही, तिथे ड्रॉप चालला की कमिट आपोआप होतो. मायएसक्यूएलच्या क्लायंटला सेफ-अपडेट्स हा पर्याय दिला की व्हेअर नसलेली अपडेट तो चालवतच नाही. आणि रोजच्या बघण्याच्या कामाला फक्त वाचायचा अधिकार असलेलं वेगळं लॉगिन ठेव. सिलेक्शनची चूक कोणाकडूनही होते. त्या लॉगिनमधून मात्र ती काही बदलू शकत नाही.

सरांना सांग, की बुधवारची ही रिकव्हरी तुला स्वतःच्या हाताने करायची आहे. त्यांनी शेजारी बसावं, कीबोर्ड तुझ्याकडे असावा. ते मशीन वेगळं आहे, तिथे काहीही चुकलं तरी बेस बॅकअपपासून पुन्हा सुरुवात करता येते, हवी तितक्या वेळा. करताना प्रत्येक पायरी आणि तिला लागलेला वेळ लिहून ठेव. पहिल्या प्रयत्नात टाइमलाइनपाशी अडकशील असा माझा अंदाज आहे. अडकलीस तर लॉगमधल्या शेवटच्या वीस-पंचवीस ओळी मला पाठव, आपण मिळून बघू.

तुझी,
ताई